जिथवर हात पोचतो

जुन्या मोटार यॉटचे फोटो माणसाला पटकन वश करतात. सागवानी कपाटं, रुंद सलून (बसाउठायची मोठी खोली), चहूबाजूंनी आत येणारा उजेड, आणि तेवढ्याच लांबीच्या नव्या बोटीच्या मानाने अगदी थोडी किंमत. फोटो बघता बघता मन नकाशावर पोचलेलं असतं: अलास्कातल्या खोल खाड्या, पॅटागोनियाचे फ्योर्ड, प्रशांत महासागरातली प्रवाळबेटं. तिथे ना गोदी, ना मिस्त्री, ना सुट्या भागांचं दुकान. माणसाची चाहूलही नसलेल्या पाण्यात नांगर टाकावा आणि महिनाभर तिथेच राहावं, ही ओढ खरी आहे आणि मोलाची आहे. म्हणूनच तिच्यासाठी बोट निवडताना घाई करू नये.

अशा बोटीवर पाऊल ठेवल्यापासून मी एकच प्रश्न मनाशी धरून असतो. रात्रीची वेळ आहे, बोट हेलकावते आहे, हाताशी फक्त बोटीवरची हत्यारं आहेत. अशा वेळी बिघडलेल्या जागेपर्यंत हात पोचेल का? बांधणाऱ्याचं नाव, वय, इंजिनाचे तास, रंगरंगोटी हे सगळं त्यानंतर. पंचेचाळीस वर्षांची साधी बोट या प्रश्नाला सहज उतरते आणि पंधरा वर्षांची चकचकीत बोट इंजिनखोलीचं झाकण उघडताच नापास होते, असं पुष्कळदा दिसतं.

किमतीबद्दल आधी बोलून घेतो, कारण पहिली चूक तिथेच होते. बोटीचा वर्षाचा खर्च तिच्या किमतीच्या १० टक्के धरावा, असा ठोकताळा सर्रास सांगितला जातो. जुन्या बोटीला तो लावला की हिशेब कोसळतो. ५० फुटी बोटीच्या तळाला जेवढा रंग लागतो तेवढा लागतोच, ती कितीला का घेतलेली असेना. धक्क्याचं भाडं लांबीवर ठरतं, क्रेनचं वजनावर. पंप, साखळी, बॅटऱ्या, डोलणं आवरणाऱ्या स्टॅबिलायझरचे सील यांच्या किमती बोटीचं वय विचारत नाहीत. शिवाय लांबी वाढली की वजन घनाच्या प्रमाणात वाढतं. ४० फुटांवरून ५० फुटांवर गेलं तर लांबी सव्वापट होते, पण त्याच घाटाच्या बोटीचं वजन जवळपास दुप्पट. म्हणजे घेताना जुनी बोट स्वस्त पडली, तरी पोसायची असते ती नव्या किमतीची बोट. खर्चाचा अंदाज बांधताना तशाच नव्या बोटीची आजची किंमत डोळ्यांसमोर ठेवावी, आणि हाताशी असलेल्या रकमेचा निदान तिसरा हिस्सा पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढावा. एवढं केल्यावर परवडणारी बोट लहान निघाली तर लहानच घ्यावी. दोन माणसांना लांबवर न्यायला ४० ते ४६ फुटांची, नीट बांधलेली जड बोट पुरते.

आता पल्ला. बाहेरून मासेमारीच्या दणकट ट्रॉलरसारख्या दिसणाऱ्या कित्येक बोटी मुळात किनाऱ्याकिनाऱ्याने फिरण्यासाठी बांधलेल्या असतात. त्यांचा तळ मागच्या बाजूला सपाट होत जातो, इंजिनं मोठी असतात आणि टाक्या लहान. पूर्ण गोलाईचा, पाणी बाजूला सारत जाणारा तळ असेल, तर बोटीच्या वेगाला निसर्गानेच मर्यादा घातलेली असते. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढून १.३४ने गुणायचं, आलेला आकडा म्हणजे त्या तळाची नॉटमधली (तासाला इतके सागरी मैल) मर्यादा. रेषेवर ४२ फूट भरणाऱ्या बोटीसाठी हा आकडा ८.७ येतो. पण लांबचा प्रवास त्या वेगाने करायचा नसतो. वर्गमूळाला १ने गुणून जो वेग येतो, म्हणजे इथे ६.५ नॉट, त्याच्या आसपास बोट सगळ्यात सुखाने आणि स्वस्तात चालते.

हा फरक किती मोठा आहे ते आकड्यांतच बघावं. चांगल्या डिझेल इंजिनाकडून एका लिटरमागे साधारण ४ किलोवॅट-तास काम मिळतं. पंचवीस-तीस टनांच्या अशा बोटीला शांत पाण्यात ६.५ नॉटसाठी ३० किलोवॅटच्या आसपास ताकद लागते, म्हणजे तासाला ८ लिटर, म्हणजे लिटरमागे ०.८ सागरी मैल. तीच बोट ८ नॉटला रेटली तर खप दुपटीच्याही पुढे जातो आणि लिटरमागे जेमतेम ०.४ मैल हाती लागतात. दीड नॉटच्या हव्यासापायी निम्मा पल्ला गेला.

समजा, प्रशांत महासागरातल्या गालापागोसहून मार्केसास बेटांवर जायचं आहे. अंतर सुमारे ३,००० सागरी मैल. ६.५ नॉटने एकोणीस दिवस, ३,७५० लिटर इंजिनासाठी, दोनशेएक लिटर जनरेटरला, आणि समोरचा वारा, उलटा प्रवाह, वाट वाकडी करावी लागणं या सगळ्यासाठी २० टक्के राखीव. बेरीज ४,७०० लिटरच्या पुढे जाते. टाकीच्या तळचं थोडं डिझेल हेलकाव्यात कधीच ओढलं जात नाही, तेव्हा टाक्यांची क्षमता ५,००० लिटरच्या वर हवी. अटलांटिकमधल्या बर्म्युडा ते अझोर्स बेटांचं अंतर सुमारे १,८०० मैल आहे. तिथे याहून बऱ्याच कमी साठ्यात भागतं. म्हणून आधी आपल्याला नेमकं कुठे जायचं आहे ते ठरवावं. अलास्काच्या आतल्या जलमार्गांत भटकायचं असेल तर डिझेलचा एक धक्का ते पुढचा धक्का एवढंच अंतर महत्त्वाचं, आणि १,५०० लिटरच्या टाक्यांतही उत्तम काम होतं. न जायच्या महासागरासाठी जड बोट ओढत बसायचं कारण नाही.

जाहिरातीत छापलेल्या पल्ल्यावर विसंबू नये. समुद्रचाचणीच्या वेळी इंजिनाच्या तीन वेगवेगळ्या फेऱ्यांवर (आरपीएम), प्रत्येक वेगाने दोन्ही दिशांना बोट चालवून खप मोजायचा. एकाच दिशेने मोजलं तर भरती-ओहोटीचा प्रवाह आकडा खोटा पाडतो.

लहान मोटारबोट स्वतःच्या बळावर महासागर ओलांडू शकते हे अमेरिकी नौदलातले निवृत्त कॅप्टन रॉबर्ट बीबी यांनी दाखवून दिलं. सिंगापूरला बांधून घेतलेली ५० फुटी ‘पॅसेजमेकर’ घेऊन ते १९६३ साली हिंदी महासागर ओलांडून, तांबड्या समुद्रातून ग्रीसला पोचले. त्यांनी रूढ केलेलं एक साधं माप आजही जुनी बोट बघताना कामाला येतं. बोटीच्या बाजूच्या आराखड्यात पाण्यावरचं क्षेत्रफळ पाण्याखालच्या क्षेत्रफळाच्या किती पट आहे ते काढायचं. अडीच पटीच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर बोट महासागराच्या कामाची. त्याच्या बरीच वर असेल, म्हणजे वर मजल्यावर मजले आणि खाली उथळ पोट असेल, तर वाऱ्यात आणि आडव्या लाटांत ती हाल करील.

डोलण्याची चाचणी तर कुणालाही करता येते. शांत पाण्यात दोर सैल सोडायचे, बोट तळाला कुठे टेकत नाही याची खात्री करायची, माणसांनी एका काठावर लयीत भार टाकून तिला थोडं डोलवायचं आणि मग स्तब्ध उभं राहायचं. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जाऊन परत येईपर्यंत एक डोल. चार-पाच डोलांना लागलेले सेकंद मोजून सरासरी काढायची. लहान जहाजांसाठीचा जुना नियम सांगतो की हा काळ सेकंदांत जेवढा येईल तो बोटीच्या मीटरमधल्या रुंदीपेक्षा कमी असेल, तर सुरुवातीची स्थिरता बहुधा पुरेशी आहे. साडेचार मीटर रुंद बोट सहा सेकंद घेत सावकाश डोलत असेल, तर ते डोलणं कितीही सुखद वाटलं तरी तिच्यावर वरच्या बाजूला वजन फार झालंय. चाळीस वर्षांत प्रत्येक मालकाने छतावर काहीतरी चढवलेलं असतं: मोठी डिंगी (लहान होडी), ती उचलायची क्रेन, फ्रीज, सौर पॅनलांचा सांगाडा, अजून एक टाकी. ते सगळं उतरवता येईल का आणि उतरवल्यावर काय उरेल, हे विक्रेत्याला विचारण्यापेक्षा नौकास्थापत्य जाणणाऱ्याला पैसे देऊन विचारावं.

बोट स्थिर असली तरी डोलतेच, आणि दिवसेंदिवस डोलणाऱ्या बोटीवर माणसं थकतात, चुका करतात. उपाय तीन. पाण्याखालचे हलते पंख उत्तम काम करतात, पण ते हायड्रॉलिक पंपावर चालतात, बर्फाच्या वा लाकडाच्या ओंडक्यावर आपटू शकतात आणि त्यांचे सील बदलायला बोट पाण्याबाहेर काढावी लागते. जायरोला (बोटीच्या आत वेगाने फिरणारं जड चाक) पाण्यात काही लटकवावं लागत नाही, मात्र त्याला वीज सतत लागते, म्हणजे जनरेटर सतत चालू. तिसरा उपाय जुना, मासेमारीच्या बोटींवरचा: दोन्ही बाजूंना खांब आडवे पसरायचे आणि त्यांच्या टोकांना दोराने वा साखळीने जड ‘मासे’ पाण्यात ओढत न्यायचे. थोडा वेग जातो, टाकणं-काढणं कष्टाचं असतं, पण त्यात बिघडण्यासारखं काही नाही आणि तुटलं तर दोर आणि शॅकलने (लोखंडी कडीने) सांधता येतं. दुर्गम पाण्यासाठी माझा कौल यालाच. जुन्या बोटीवर नंतर खांब बसवलेले असतील तर त्यांचा जोर कशावर येतो ते बघावं. खाली मजबूत आडभिंत नसेल, नुसत्या डेकवर पट्ट्या ठोकलेल्या असतील, तर ते पहिल्याच वादळात उपसून येतील.

सांगाड्याकडे वळू. फायबरच्या बोटीत लोक ऑस्मॉसिसच्या फोडांना फार भितात. पाणी वरच्या थरातून झिरपतं, राळेतल्या विरघळणाऱ्या द्रव्यांशी मिसळून आम्लधर्मी होतं, फोड येतो, आणि फोडला की व्हिनेगरसारखा वास येणारा द्रव निघतो. दुरुस्ती कंटाळवाणी असते: वरचा थर सोलायचा, महिनोन् महिने वाळवायचं, मग इपॉक्सीचे थर द्यायचे. पण थोड्याशा फोडांनी बोट बुडत नाही. खरी भीती बाळगावी ती भिजलेल्या डेकची. डेक म्हणजे बहुतेकदा फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये बाल्सा किंवा प्लायवूड. त्यावर शोभेसाठी सागाच्या पट्ट्या हजारो स्क्रूंनी बसवलेल्या असतात, म्हणजे तितकी भोकं. पट्ट्यांमधलं काळं सील म्हातारं झालं की प्रत्येक भोक पाणी आत नेतं, मधलं लाकूड कुजतं आणि वर पाय दिला की डेक किंचित दबतो. छोट्या हातोडीने सगळा डेक ठोकत जावा. घट्ट जागेचा आवाज टणटणीत येतो, सुटलेल्या जागेचा भद्द. खिडक्यांखाली, नांगराच्या यंत्राभोवती आणि कठड्याच्या प्रत्येक खांबाच्या मुळाशी नीट ऐकावं. दमटपणा मोजायचं यंत्रही वापरावं, पण त्याचा आकडा हातोडीच्या साक्षीशिवाय खरा मानू नये. आतल्या बाजूला असलेला धातू किंवा पाणी त्याला फसवतं.

पोलादी बोट आतून गंजते. बाहेरून ती दर दोन-तीन वर्षांनी रंगवली जाते, आत मात्र टाक्यांखाली, साखळीच्या खोलीत, न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या खड्ड्यात आणि उष्णतारोधक फोमच्या मागे पाणी वर्षानुवर्षं साठून राहतं. अल्ट्रासाऊंडने पत्र्याची जाडी मोजून घ्यावी आणि मोजणी नेमक्या याच ठिकाणी दाट करायला सांगावी. ६ मिलिमीटरचा पत्रा साडेचारवर आला असेल तर त्याचा चौथा हिस्सा गेला. तिथे नवा पत्रा घालायचा हिशेब किमतीतून वळता करावा. आतून हात आणि दिवा पोचत नसेल अशा पोलादी बोटीबद्दल माझं मत ठाम आहे: घेऊ नये. ॲल्युमिनियम हलकं, रंगाविना टिकणारं आणि बर्फाळ पाण्याला योग्य, पण तांब्याशी त्याचं वैर आहे. तळाला चुकून तांबंयुक्त रंग दिलेला असेल, किंवा वायरिंगमधून वीज सांगाड्यात गळत असेल, तर पत्रा आतल्या आत चाळणीसारखा होऊ शकतो.

टाक्यांवर जरा जास्त बोलायला हवं. मूळ बोट बांधताना आधी टाक्या बसवतात, मग इंजिन, मग वर डेक आणि सलून. टाकी गळायला लागली की बाहेर काढायला वाट उरलेली नसते. साध्या लोखंडी टाक्या वरून कुजतात: डेकवरच्या नरसाळ्याचं पॅकिंग गळतं, थेंब थेंब खारं पाणी टाकीच्या माथ्यावर साचतं, गंज खाली उतरतो. ॲल्युमिनियमच्या टाक्या ओल्या फोमवर किंवा लाकडावर बसलेल्या असतील तर खालून भोकं पडतात. स्टेनलेसचं दुखणं वेल्डच्या सांध्यांत. तेव्हा आरसा आणि बॅटरी घेऊन टाकीच्या माथ्यावर, कोपऱ्यांत, बुडाखाली जेवढं दिसेल तेवढं बघावं, हाताचं बोट फिरवून त्याचा वास घ्यावा. बिल्ज (बोटीच्या पोटातला सगळ्यात खालचा भाग) नुकताच धुऊन लख्ख केलेला असेल तर तिथे पांढरं शोषक कापड अंथरून दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं. टाकी बदलायची झालीच तर जुनी आतल्या आत कापून तुकड्यांनी बाहेर काढतात आणि तिच्या जागी दोन-तीन लहान टाक्या दारातून नेऊन बसवतात. काम होतं, पण कधी इंजिन उचलावं लागतं, कधी कुशीला दार कापावं लागतं, आणि साठाही थोडा घटतो.

टाकी गळत नसली तरी तिच्या तळाशी काय आहे हा प्रश्न उरतो. धक्क्याला बांधून ठेवलेल्या बोटीच्या टाकीत हवेतल्या दमटपणाने पाणी जमतं, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढते, त्यांचा चिकट काळा गाळ खाली बसतो. शांत पाण्यातल्या चाचणीत इंजिन सुरेख चालतं. मग पहिल्याच खवळलेल्या समुद्रात गाळ ढवळून निघतो, फिल्टर अर्ध्या तासात तुंबतो आणि इंजिन नेमकं खडकाळ किनाऱ्याजवळ बंद पडतं. दोन इंजिनं असली तरी दोन्ही बहुतेकदा एकाच टाकीचं डिझेल पितात, तेव्हा दोन्ही बरोबरच थांबतात. बोट घ्यायच्या आधी टाकीच्या तळातला नमुना काचेच्या बाटलीत काढून बघावा. घेतल्यावर प्रत्येक कप्प्याला तपासणीचं झाकण कापून टाकी आतून पुसून काढावी. औषध ओतून गाळ जात नाही. इंजिनासाठी दोन फिल्टर शेजारी शेजारी, मध्ये झडप, म्हणजे एक तुंबला तर चालत्या इंजिनावर दुसऱ्यावर जाता येतं. ओढ दाखवणारा व्हॅक्यूम गेज, म्हणजे तुंबणं आधीच कळतं. आधी ३० मायक्रॉन, मग १०, आणि इंजिनावरचा बारीक फिल्टर शेवटी. दोन डझन फिल्टर बोटीवर असावेत. एका वाईट रात्रीत डझनभर संपू शकतात.

इंजिन बघायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावं की ते थंड हवं. पोचल्यावर पहिला हात ब्लॉकवर ठेवायचा. कोमट लागलं तर कुणीतरी आधी चालू करून ठेवलंय. कारण विचारायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. थंड इंजिन चालू होताना निघणारा धूर सगळं सांगतो. काळा म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त. निळा म्हणजे तेल जळतंय. पांढरा थोडा वेळ राहून गेला तर न जळलेलं डिझेल. तापल्यावरही राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड किंवा गॅस्केट. मग पाण्यावर पूर्ण थ्रॉटल द्यायचा. इंजिनाने ठरलेली कमाल फेऱ्यांची संख्या गाठलीच पाहिजे. गाठत नसेल तर तळ शेवाळलेला आहे, बोट ढकलणारा पंखा (प्रोपेलर) जास्त मोठा आहे किंवा इंजिन दमलेलं आहे. तेल भरायचं झाकण काढून आतून वाफ जोराने येते का बघावं, आणि तेल, गियरबॉक्सचं तेल आणि कूलंट या तिन्हींचे नमुने प्रयोगशाळेत द्यावेत. तेलात सोडियम आढळलं तर समुद्राचं पाणी किंवा कूलंट आत शिरतंय. लोखंड, ॲल्युमिनियम, शिसं यांचे वाढलेले आकडे कुठला भाग झिजतोय ते सांगतात.

तासांच्या आकड्याने भुलू नये. चाळीस वर्षांत १,२०० तास चाललेलं इंजिन म्हणजे वर्षाला तीस तास. बाकीचा वेळ ते दमट हवेत उभं होतं. सिलिंडरच्या भिंतींवर गंज, कोरडे पडलेले सील, कुजलेले होज. मंद फेऱ्यांचं, टर्बो नसलेलं इंजिन नियमित चाललं आणि तेल वेळेवर बदललं, तर १०,००० तासांच्या पुढे जातं. गार्डनर ६एलएक्सबी घ्या: १०.४५ लिटर, १८५० फेऱ्यांना १८० अश्वशक्ती, असं संथ काम. फोर्ड लेहमन १२० कित्येक जुन्या ट्रॉलरांमध्ये सापडतं. त्याच्या सिम्स इंजेक्शन पंपाचं तेल वेगळं असतं आणि ते दर ५० तासांनी बदलावं लागतं, हे नव्या मालकाला कुणी सांगितलेलं नसतं. डेट्रॉइटच्या ७१ मालिकेतली दोन-स्ट्रोक इंजिनं गोंगाट करतात, पण त्यांचे भाग आजही मिळतात. त्यांना एकाच ग्रेडचं ४० नंबरचं तेल लागतं, मल्टिग्रेड नव्हे. कॅटरपिलर ३२०८मध्ये बदलता येणारे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) नाहीत, तेव्हा सिलिंडर झिजले तर काम मोठं.

इथे एक बारकावा. जुन्या सागरी डिझेलांचा ब्लॉक बहुतेक वेळा ट्रक, ट्रॅक्टर किंवा बांधकामाच्या यंत्रांमधलाच असतो आणि पिस्टन, गॅस्केट, इंजेक्टर जगभर मिळतात. दुर्मीळ असतात ते समुद्रासाठी बदललेले भाग: हीट एक्स्चेंजर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, धुरात पाणी मिसळणारा एल्बो, खाऱ्या पाण्याचा पंप. आणि बिघडतात नेमके हेच. एल्बो आतून कुजला की खारं पाणी उलटं सिलिंडरमध्ये जातं आणि चांगलं इंजिन एका रात्रीत संपतं. म्हणून हे चार भाग बाजारात आहेत का हे बोट घ्यायच्या आधी शोधावं, आणि बोट घेतलीच तर त्यांचा एकेक जोड लगेच घेऊन ठेवावा. पंपातलं रबरी पात्यांचं चाक, म्हणजे इम्पेलर, वर्षाला बदलायचा. त्याची पाती तुटलेली दिसली तर तुकडे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेले असतात, ते मोजून काढायचे. काही बोटींमध्ये समुद्राचं पाणी इंजिनखोलीत येतच नाही: कूलंट तळाबाहेरच्या नळ्यांतून थंड होतं आणि धूर कोरड्या धुराड्याने वर जातो. उष्णता आणि काजळी सहन करावी लागते, पण पंप, इम्पेलर, एल्बो ही सगळी दुखणी मुळातूनच जातात. दूरच्या पाण्यासाठी ही रचना मिळाली तर तिला झुकतं माप द्यावं.

एक इंजिन की दोन? एक इंजिन असलं की पंखा कणा आणि सुकाणू यांच्या मध्ये सुरक्षित राहतो, खोलीत चारही बाजूंनी फिरता येतं, आणि हात पोचतो. दोन असली तर बाहेरच्या कुशीकडची बाजू आंधळी. त्या बाजूचा ऑइल कूलर गळाला तर काय करायचं याचं उत्तर पोटावर झोपून शोधावं लागतं. एका इंजिनाबरोबर स्वतःचा शाफ्ट, मिटणारा पंखा आणि स्वतंत्र टाकी असलेलं लहान दुसरं इंजिन असेल तर सोन्याहून पिवळं. पण ते खरंच शांत पाण्यात चार-पाच नॉट देतं का, हे चालवून बघावं. वर्षानुवर्षं न चालवलेलं दुसरं इंजिन म्हणजे केवळ वजन.

बाकीचं भराभर. तळातून जाणारी प्रत्येक झडप फिरवून बघावी. पितळी झडप खरवडल्यावर गुलाबी दिसली तर तिच्यातलं जस्त गेलंय, ती बदलायची. हायड्रॉलिक सुकाणूचे होज जुने असतातच, आणि संकटकाळचा टिलर (सुकाणू हाताने वळवायचा दांडा) बसवून खरोखर वळता येतं का ते एकदा करून बघावं. मोठ्या सलूनच्या खिडक्यांना बाहेरून लावायच्या वादळी झडपा आहेत का, आणि काच किती जाड? वायरिंगचे चाळीस वर्षांचे थर असतील, तर उलगडत बसण्यापेक्षा मुख्य तारा नव्याने ओढणं शेवटी सोपं जातं. रडार, प्लॉटर यांना किमतीत मोजूच नये, दहा वर्षांपूर्वीचं इलेक्ट्रॉनिक्स बदलावंच लागतं. नांगराकडे मात्र कंजुषी नको. खोल खाड्यांत २० मीटर पाण्यात नांगर टाकावा लागतो. नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची धरून २२, त्याच्या पाचपट म्हणजे ११० मीटर साखळी. १० मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे अडीचशे किलो नाळेवर. बोट ते पेलते का, आणि विंडलास (नांगर ओढायचं यंत्र) ते उचलतो का? शिवाय किनाऱ्यावरच्या झाडाला किंवा खडकाला बांधायला शंभर-शंभर मीटरचे दोन दोर.

विमा आधी बघावा, बोट नंतर. विशिष्ट वयापुढच्या बोटी काही विमा कंपन्या घेतच नाहीत; काही ताजा सर्व्हे (तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी) मागतात, काही दुर्गम भाग पॉलिसीतून वगळतात. आपल्या ठरलेल्या प्रवासाला लेखी होकार मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. सर्व्हेयर आपण शोधलेला असावा, विक्रेत्याच्या दलालाने सुचवलेला नको, आणि इंजिनासाठी वेगळा माणूस घ्यावा. सांगाड्याचा जाणकार इंजिनाबद्दल बोलतो तेव्हा तो डोळ्यांनी दिसतं तेवढंच बोलतो. करारात सर्व्हे आणि समुद्रचाचणी समाधानकारक नसेल तर पूर्ण रक्कम परत, हे कलम असावं. अहवाल हाती आला की दोष तीन रकान्यांत लिहावेत: आपल्या हाताने होणारे, गोदीत होणारे, आणि बोट फाडल्याशिवाय न होणारे. पहिले दोन किमतीत बसतात. तिसऱ्या रकान्यात कुजलेल्या टाक्या, भिजलेला डेक आणि पातळ झालेला पत्रा यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या तर, कितीही जीव जडला असला तरी, ती बोट सोडावी.

बोट घेतल्यानंतर पहिला मोसम मदत पोचेल अशाच पाण्यात काढावा. निदान २०० तास इंजिन चालवावं, रात्रीचे प्रवास करावेत, मुद्दाम समोरच्या लाटेत न्यावी म्हणजे टाक्या ढवळल्या जातील. प्रत्येक पंप एकदा स्वतः खोलून पुन्हा जोडावा, आणि जो खोलता आला नाही त्याची जागा बदलावी. जे बिघडेल ते तारखेसकट एका वहीत लिहीत जावं: काय गेलं, का गेलं, कुठला पाना लागला, कुठला भाग हाताशी नव्हता. सुट्या भागांची खरी यादी याच वहीतून तयार होते. सुरुवातीला रोज दोन-तीन ओळी पडतात. सलग तीन आठवड्यांच्या प्रवासात तिच्यात नवी ओळ पडली नाही, की लांबच्या पाण्याचे नकाशे टेबलावर पसरावेत आणि डिझेल भरायला घ्यावं.